आप्पांचे कान आणि पेशीतली खूणगाठ

मे महिन्यातली दुपार. जळगावात पारा ४४ च्या पुढे गेलेला, ओपीडीतला कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि समोरच्या खुर्चीतल्या माणसाने डोक्याला नि कानांना मफलर गुंडाळलेला. चोपडा तालुक्यातले, तापीकाठचे केळी-बागायतदार, वय ६८. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही इथे आप्पाच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे नाहीत.

थंडी वाजत असेल, असं मनाशी धरून मी तो मफलर काढायला सांगितलाच नाही. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती. दुसरी त्यांच्या पिशवीतल्या कागदांत होती, आणि ती माझ्याआधी आणखी तीन-चार जणांच्या हातून झाली होती.

सात महिन्यांचा ताप

दिवाळी झाली, कांदेबागेची, म्हणजे थंडीच्या तोंडावर लावायच्या केळीची, लागवड आटोपली आणि ताप सुरू झाला. आठ-दहा दिवस रोज १०१-१०२ पर्यंत चढायचा, मग चार-सहा दिवस काहीच नाही, मग परत. गावात विडाल ही रक्तचाचणी झाली, ‘टायफॉइड निघाला’, सलाईनमधून अँटिबायोटिक गेलं. महिन्याभराने मलेरियाचा कोर्स. प्लेटलेट थोड्या कमी दिसल्या म्हणून डेंग्यूची चाचणी. आपल्याकडे तापाची ही ठरलेली वारी आहे आणि तिचे मुक्कामही ठरलेले. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये हे आम्ही सगळे परीक्षेत लिहितो आणि ओपीडीत विसरतो; मीही त्यातलाच.

पुढे खोकला लागला. छातीच्या सीटीत दोन्ही बाजूंना पुसट डाग दिसले. थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीची औषधं सुरू झाली. ज्यांनी ती लिहिली त्यांना मी नावं ठेवणार नाही. आपल्या देशात ताप, खोकला, घटतं वजन आणि सीटीत डाग असा रुग्ण समोर बसला की हात आपोआप तिकडे वळतो. दोन महिन्यांत लघवी लाल झाली, भूक मेली, ताप जागचा हलला नाही. वजन ७१ वरून ६२ किलोवर आलं. आप्पा माळकरी, दरवर्षी कोथळीहून मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणारे. आता त्यांना बागेच्या बांधापर्यंत जाताना दोनदा बसावं लागत होतं.

मी काय केलं? पाटी कोरी करून तापाच्या सगळ्या तपासण्या पुन्हा लावल्या. रक्ताचं कल्चर तीनदा, काही वाढलं नाही. हृदयाची इको ठीक. घरी म्हशी आणि धारोष्ण दूध प्यायची सवय, म्हणून कच्च्या दुधातून येणाऱ्या ब्रुसेला जंतूची चाचणी: निगेटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह, टीबीसाठी थुंकीचं सीबीनॅट निगेटिव्ह. दाह दाखवणारे आकडे मात्र चढलेले: सीआरपी १४२, ईएसआर ११८, फेरिटिन १९०० च्या घरात. शरीरात वणवा पेटलेला, आणि काडी कोणी टाकली याचा पत्ता नाही. जंतुसंसर्गात चढणारं प्रोकॅल्सिटोनिन जेमतेम ०.२. मग संधिवाताच्या कुळातल्या तपासण्या: आरए फॅक्टर, एएनए, अँका. सगळ्या निगेटिव्ह. त्या निगेटिव्ह का आल्या ते पुढे कळलं.

मफलर सुटला

दुसऱ्या भेटीला आप्पांबरोबर मुलगा होता. त्याने सहज सांगितलं, “साहेब, कानाचं पण बघा ना. अधूनमधून लाल होतात. कानाच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते.”

मफलर सुटला. दोन्ही कानांचा वरचा भाग लालजांभळा, सुजून चकचकीत झालेला, हात लावला की आप्पा मान मागे घेत होते. खाली मात्र, जिथे लहानपणी कान टोचले होते, ती पाळी नेहमीच्या सावळ्या रंगाची. लाल कुठे संपतो आणि सावळा कुठे सुरू होतो, ती रेघ पेनाने आखल्यासारखी होती. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते, म्हणजे आपण मऊ हाड म्हणतो ते. पाळीत कूर्चा नसते. जंतूंनी कान सुजला असता तर त्यांनी ही हद्द पाळली नसती. ही सूज कूर्चेला शोधत आली होती.

मफलर का, तेही तेव्हा कळलं. चावडीवर कोणी तरी विचारलं होतं, “काय आप्पा, कोणी कानफडात दिली का?” त्या दिवसापासून कान झाकलेले.

“डाक्टरसाहेब,” आप्पा म्हणाले, “ताप येस नि जास, ते समजस. पन कान काबर लाल व्हस?”

सात महिन्यांत हा प्रश्न त्यांनी प्रत्येकाला विचारला असणार. तोच खरा प्रश्न होता. दंडावरही दोन-तीन लाल, दुखऱ्या गाठी होत्या. त्या ‘डास चावले’ या सदरात गेल्या होत्या. डावी पोटरी किंचित सुजलेली होती. डॉप्लर सोनोग्राफी केली तर शिरेत रक्ताची गुठळी.

मग मी पिशवी पुन्हा उघडली. सात महिन्यांतल्या सहा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे कागद, टेबलावर एकाखाली एक मांडल्या. हिमोग्लोबिन ११ वरून ८.९ वर घसरलेलं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, लोहाच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्याच्या तीन ओळी खाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ८० ते १०० असायला हवं. आप्पांचं: १०४, १०५, १०७, १०७, १०९, १०९. प्रत्येक कागदावर समोर छापलेली वरची खूण. सहाही कागदांवर कोणाच्या पेनाची रेघ नव्हती, माझ्या मागवलेल्या कागदावरही नाही.

तांबड्या पेशी फुगल्या की आपल्याकडे पहिला संशय बी-१२ वर जातो, आणि शाकाहारी माणसात तो बहुधा खराही ठरतो. पण ‘अशक्तपणासाठी’ म्हणून आप्पांना बी-१२ ची इंजेक्शनं आधीच देऊन झाली होती, रक्तातली पातळी भरपूर होती, तरी पेशी फुगलेल्याच. दारूचा प्रश्न नाही. थायरॉइड, यकृत ठीक. पुरुष, पन्नाशी ओलांडलेला, कूर्चेचा दाह, एमसीव्ही शंभराच्या वर, प्लेटलेट दोन लाखांच्या खाली: हे सगळं एका माणसात जमलं की एकच नाव डोळ्यांसमोर यायला हवं. ते नाव २०२० च्या आधी वैद्यकात नव्हतंच.

खूणगाठ

नाव सांगण्याआधी पेशीतली एक रीत सांगावी लागेल. ती मी आप्पांना त्यांच्याच बागेवरून सांगितली होती, इथेही तिथूनच सुरू करतो.

कापणीच्या आदल्या दिवशी आप्पांचा मुकादम बागेत फेरी मारतो. जो घड उद्या उतरवायचा, त्याच्या दांड्याला सुतळीची गाठ मारतो. एखादं झाड घडाच्या भाराने कललं असेल तर त्याच सुतळीची, पण वेगळ्या तऱ्हेची गाठ: इथे बांबूचा टेकू द्या. सकाळी मजूर येतात ते झाड बघत बसत नाहीत, गाठ बघतात. सुतळी एकच. काय करायचं ते गाठ कशी मारली यावर.

पेशीतली सुतळी म्हणजे युबिक्विटिन. अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन यीस्टमध्ये आणि माणसात जवळजवळ सारखं आहे, फरक फक्त तीन जागांचा. दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला ते चिकटवणं म्हणजे युबिक्विटिनीकरण. मी त्याला खूणगाठ म्हणतो. गाठ तीन हातांनी बसते. पहिलं एन्झाइम, ई-१, ऊर्जा खर्चून युबिक्विटिनला कामाला जुंपतं. ई-२ ते वाहून नेतं. ई-३ नेमकं कोणत्या प्रथिनाला गाठ मारायची ते ठरवतं. माणसात ई-३ सहाशेच्या वर आहेत, ई-२ चाळीसेक. आणि ई-१? फक्त दोन, त्यांतही जवळजवळ सगळा भार एकट्या यूबीए-१ वर. सहाशे मुकादम आणि सुतळीचा गुंडा सोडणारा हात एक. नको असलेल्या प्रथिनाला गाठ मारून तोडायला पाठवण्याची ही पद्धत उलगडणाऱ्या आरॉन चिकॅनोव्हर, अव्राम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तोडण्यासाठीची गाठ ही एक तऱ्हा. युबिक्विटिनवर लायसिन नावाची अमिनो आम्लं सात ठिकाणी असतात, आणि प्रत्येक ठिकाणी पुढचं युबिक्विटिन अडकवून साखळी करता येते. ४८ व्या लायसिनवरून साखळी झाली तर ते प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या चरकात जातं आणि त्याचे तुकडे होतात. ६३ व्या लायसिनवरून झाली तर काहीच तुटत नाही. ती साखळी म्हणजे टेकू, तिच्यावर दुसरी प्रथिनं येऊन जमतात आणि निरोप पुढे जातो. आणखी एक सरळ साखळी असते, युबिक्विटिनच्या शेपटाला युबिक्विटिनचं डोकं, अशी एका रेषेत, तीही निरोपाचीच.

आता उपजत प्रतिकारशक्तीकडे येऊ. आधी ओळख असो-नसो, घुसखोर दिसला की मिनिटांत उठणारी ही फौज: न्यूट्रोफिल, मोनोसाइट, मॅक्रोफेज. समजा जिवाणूच्या अंगावरचा एक रेणू मॅक्रोफेजच्या टोल-सदृश ग्राहकाला, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला, लागला. निरोप आत ट्राफ-६ पर्यंत येतो. ट्राफ-६ हे ई-३ आहे. ते ६३ च्या साखळ्या विणतं. त्या साखळ्यांवर टॅक-१ आणि पुढचं आयकेके ही एन्झाइमं जमतात, जागी होतात. आयकेके मग आय-कप्पा-बी या पहारेकऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. पहारेकरी एरवी एनएफ-कप्पा-बीला केंद्रकाबाहेर अडवून बसलेला असतो. शिक्का बसला की दुसरं एक ई-३ त्याला ४८ ची गाठ मारतं, तो काही मिनिटांत चरकात जातो, आणि मोकळं सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. ताप येतो, सीआरपी चढतं. बघा, एकाच निरोपात आधी टेकूची गाठ लागली, मग कापणीची. विषाणूचंही असंच: रिग-१ हा पेशीतला पहारा ६३ च्या साखळ्यांच्या जोरावर इंटरफेरॉनची हाळी देतो, आणि फ्लूचा विषाणू आपल्या एनएस-१ प्रथिनाने नेमका ती साखळी विणणारा हातच धरून ठेवतो. चोराला घराची कडी कुठे आहे ते ठाऊक असतं.

पण चालू केलेलं बंदही व्हायला हवं, आणि ते कामही गाठींचंच. एनएफ-कप्पा-बी ज्या जनुकांना चालू करतं त्यांतच ए-२० चं जनुक आहे. हे ए-२० येऊन निरोपाच्या साखळ्या सोडवतं, निरोप नेणाऱ्या प्रथिनांना कापणीची गाठ मारायला मदत करतं. आग लावतानाच पाण्याची बादली भरून ठेवणारी ही व्यवस्था. ज्या उंदरांत ए-२० अजिबात नव्हतं ते जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत अंगभर दाहाने मेले. त्यांना कोणताही जंतू लागला नव्हता. माणसात ए-२० च्या दोनपैकी एक प्रत बिघडली तरी लहान वयात तोंड येणं, ताप, आतड्याचे व्रण असा आजार होतो, तो २०१६ मध्ये ओळखला गेला. ओट्युलिन नावाचं एन्झाइम सरळ साखळ्या सोडवतं. ते नसलेली बाळंही तापाने फणफणतात.

आप्पांमध्ये मात्र बिघाड याच्याही वर होता. मुकादम ठीक, मजूर ठीक. बिघडला होता गुंडा सोडणारा हात.

एकेचाळिसावी जागा

मज्जेची तपासणी करायला आप्पा कुरकुरत तयार झाले. कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेच्या काचा आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी लावल्या आणि मला फोन करून खाली बोलावलं. मायक्रोस्कोपमध्ये पांढऱ्या पेशींच्या कोवळ्या अवस्था, तांबड्या पेशींच्याही, आणि त्यांच्या आत पारदर्शक, गोल पोकळ्या. उकळत्या साबुदाण्यावर फेसाचे बुडबुडे येतात तशा. एकेका पेशीत दहा-पंधरा. “दारू?” मॅडमनी विचारलं. नाही. “तांबं?” शरीरात तांबं कमी पडलं तरी अशा पोकळ्या दिसतात. मुलाचा प्रश्न बरोबर उलटा होता: केळीच्या करप्यावर तांब्याचं बुरशीनाशक मारतो, ते अंगात भिनलं असेल का? तांब्याची पातळी मोजली, अगदी मधोमध आली.

रक्ताचा नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. मागणी नेमकी लिहावी लागते: यूबीए-१ जनुकाचा तिसरा एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेला तिसरा तुकडा. पंधरवड्याने उत्तर आलं. त्या मजकुरात १२२ व्या जागी टी या अक्षराच्या ऐवजी सी. एटीजीचं एसीजी झालं, आणि प्रथिनाच्या एकेचाळिसाव्या जागी मेथिओनिनच्या ऐवजी थ्रिओनिन.

एका अक्षराने एवढं व्हावं, याला कारण आहे. यूबीए-१ दोन रूपांत तयार होतं. एक पहिल्या मेथिओनिनपासून सुरू होतं आणि मुख्यतः केंद्रकात राहतं. दुसरं बरोबर या एकेचाळिसाव्या मेथिओनिनपासून सुरू होतं आणि केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात काम करतं. मेथिओनिन ही प्रथिन लिहायला घेण्याची खूण. ती पुसली गेली की दुसरं रूप जवळजवळ बनतच नाही. पेशी पुढे सदुसष्टाव्या मेथिओनिनपासून एक लंगडी आवृत्ती काढते, जिच्या हाताला जोर नसतो. पेशीद्रवात युबिक्विटिन आहे, ई-२ आहेत, शेकडो ई-३ तयार आहेत, आणि जुंपलेलं युबिक्विटिनच पुरेसं येत नाही.

या आजाराचं नाव वेक्सास. इंग्रजी आद्याक्षरांची मोट आहे ती: पोकळ्या, ई-१, एक्स गुणसूत्र, स्वयंदाह आणि जन्मानंतर आलेला बदल. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या डेव्हिड बेक, डॅनियल कास्टनर आणि सहकाऱ्यांनी तो २०२० मध्ये मांडला. त्यांनी उलटीकडून सुरुवात केली होती. निदान न झालेल्या तापाचे आणि दाहाचे २५६० रुग्ण घेतले आणि युबिक्विटिनशी नातं असलेली आठशेहून अधिक जनुकं त्यांच्यात चाळली. तीन वयस्क पुरुषांत एकाच जागी बिघाड निघाला. मग बाकीचे शोधले. पहिल्या अहवालात एकूण २५, सगळे पुरुष. यूबीए-१ चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, पुरुषाकडे एक्स एकच. बाईकडे दुसरी प्रत बहुधा सांभाळून घेते.

पुढे २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १,६३,०९६ लोकांच्या जनुकीय नोंदी तपासल्या तेव्हा ११ जणांत यूबीए-१ मध्ये असे बदल सापडले; पन्नाशीपुढच्या पुरुषांत साधारण ४२६९ मागे एक. ती मंडळी बहुतेक युरोपीय वंशाची, त्यामुळे आकडा उचलून खानदेशाला लावता येणार नाही. तरी मी तेव्हापासून जुन्या फायलींमधल्या ‘कारण न सापडलेला ताप’ या गठ्ठ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

मुलाने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता: मला होईल का, माझ्या पोराला होईल का? नाही. हा बदल आप्पांना आई-वडिलांकडून आलेला नाही आणि पुढे जाणार नाही. उतारवयात मज्जेतल्या एका मूळ पेशीत तो घडला आणि तिच्या पिलांनी हळूहळू मज्जा व्यापली. केळीच्या कंदाला पिलं फुटतात तशी. त्वचेच्या पेशींत तो नसतो. परिपक्व बी आणि टी लिम्फोसाइटमध्येही जवळपास सापडत नाही. त्या वाटेने जाणाऱ्या पेशी हा बिघाड घेऊन टिकतच नाहीत. सापडतो तो न्यूट्रोफिल-मोनोसाइटमध्ये, म्हणजे उपजत फौजेत. आप्पांचं एएनए, अँका, आरए निगेटिव्ह का होतं त्याचं उत्तर इथे आहे. स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं बनवणारी शिकलेली प्रतिकारशक्ती या भांडणात नव्हतीच. उपजत फौजच शत्रू नसताना तोफा डागत होती.

इथे एक गोष्ट खटकायला हवी, मला खटकली. निरोप चालू करायलाही गाठ लागते. मग सुतळी कमी पडल्यावर फौज गप्प का पडत नाही, भडकते का? मूळ संशोधनात झेब्राफिशमध्ये हेच दुसरं रूप काढून टाकलं तेव्हा त्या माशांतही दाहाची जनुकं पेटली होती. रुग्णांच्या मोनोसाइटमध्ये युबिक्विटिनीकरण घटलेलं, आणि निकामी प्रथिनं साचल्यावर पेशी जी तणावाची घंटा वाजवते ती वाजत असलेली दिसली. कापणीची गाठ न बसलेला माल बागेतच सडत राहतो आणि तो सडणं हाच पेशीला धोक्याचा इशारा होतो. माझी समजूत अशी की चालू करण्याचं काम थोड्या गाठींत भागतं, पण आवरण्याचं आणि झाडलोटीचं काम भागत नाही.

आप्पांना मी हे सगळं अर्थातच इतकं सांगितलं नाही. मुकादम, गाठी, गुंडा एवढंच. ते ऐकून क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, “मंग सुतळीना गुंडाच सरी गया म्हना!”

सरला नाही आप्पा, पुरत नाही.

औषध आणि नागीण

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलिग्रॅम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, पाचव्या दिवशी कान उतरले, महिन्याने सीटीतले डागही निवळले. घरात आनंदीआनंद. मला तो फारसा झाला नाही, कारण स्टेरॉइडने हे होणारच होतं. प्रश्न ते कमी करताना येतो. २० वर आणलं, ठीक. १५ वर आणलं आणि दहाव्या दिवशी मुलाचा फोन: कान परत लाल. पुन्हा चढवलं. साखर वाढली, चेहरा सुजला, रात्री झोप नाही. मेथोट्रेक्सेट घालून पाहिलं, उपयोग शून्य. गुठळीसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालूच होती.

पुण्यातल्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून रक्सोलिटिनिब सुरू केलं. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरफेरॉनचे निरोप पेशीत पोचवणारी जॅक एन्झाइमं ते अडवतं. सुतळीचा गुंडा काही भरून देत नाही. सुरू करण्याआधी सुप्त टीबीची रक्तचाचणी केली, कारण ही औषधं झोपलेला टीबी उठवतात. ती निगेटिव्ह आली. नागिणीची लस मात्र मी आधी दिली नाही. ताप पुन्हा उसळण्याआधी औषध चालू करायची घाई होती, लस ‘नंतर बघू’ म्हणून राहिली. तिसऱ्या महिन्यात उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत पुरळ उठलं. घरात कोणी म्हणालं, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस वाचत नाही. आप्पा रात्रभर आरसा धरून बसले होते. अॅसायक्लोव्हिरने पुरळ गेलं, त्या जागेची आग चार महिने राहिली. ही चूक पूर्णपणे माझी.

सहाव्या महिन्यात प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमवर आलं आणि तिथे टिकलं. ताप नाही. हिमोग्लोबिन ८ ते ९ मध्ये रेंगाळतं, त्यात रक्सोलिटिनिबचाही वाटा आहे. दीड-दोन महिन्यांतून एकदा रक्ताची पिशवी लावावी लागते. रक्तातलं बिघडलेल्या यूबीए-१ चं प्रमाण पुन्हा मोजलं, जिथे होतं तिथेच. बिघडलेलं पीकच कमी करायचं तर अझासायटिडिन आहे, महिन्यात सात दिवस पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. काही रुग्णांत त्याने तो बदल जवळजवळ दिसेनासा होतो. मुळापासून उपाय दुसऱ्याची मज्जा बसवणं हाच, पण या वयात आणि या तब्येतीत तो मी सुचवला नाही. अझासायटिडिन सुचवलं.

मागच्या भेटीत आप्पा टोपी घालून आले, मफलर नाही. कानांची लाली गेली आहे, पण कूर्चा विरघळली आहे. दोन्ही कानांची वरची कड फुलकोबीच्या पानासारखी आत दुमडली आहे. सीबीसीचा कागद मी आता खालून वर वाचतो. एमसीव्ही १०८. अझासायटिडिनचं पुन्हा काढलं. पुण्याला सात दिवस राहावं लागेल, पहिल्या दोन फेऱ्यांत हिमोग्लोबिन आणखी उतरेल, हे सगळं सांगितलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने जमिनीकडे. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं.

“मृगबाग लाई देऊत,” आप्पा म्हणाले, “मंग देखूत.”

मी फाईलवर पुढची तारीख घातली, तीन आठवड्यांनंतरची, आणि खाली लिहिलं: येताना सीबीसी, पुण्याच्या खाटेची चौकशी आजच.